बाह्यांखाली दडलेले व्रण

2017 मध्ये मुंबईतील एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर सारा महाराष्ट्र ‘ब्लू व्हेल’ या परकीय खेळाच्या नावाने बोटे मोडीत होता. 2018 च्या जानेवारीत केंद्र शासनाने लोकसभेत सांगितले की, चौकशीत कोणत्याही घटनेशी त्या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. हे किती जणांनी वाचले? परका खलनायक सापडला की घरातले प्रश्न विचारावे लागत नाहीत!

दिवाळ्याच्या कोळीवाड्यात पहाटे खाडीत होडी लोटणारे घर असो वा शेजारच्या बेलापुरातील दोन पगारांचे. मुलीच्या मनगटावरचे व्रण दिसताच पहिला उद्गार एकच : ‘लोक काय म्हणतील?’ मग थप्पड, देवाची शपथ, भ्रमणध्वनी जप्त. वर शेजाऱ्यांचे निदान, ‘संस्कार कमी पडले’. तापाने फणफणलेल्या मुलाला आपण संस्कारवर्गात धाडतो काय?

स्वतःला इजा करणारे प्रत्येक मूल मरू इच्छिते असे नव्हे. पुष्कळांना असह्य ताणातून क्षणभर सुटका हवी असते. परंतु अशा मुलांच्या बाबतीत पुढे आत्महत्येचा धोका वाढतो, हेही तितकेच खरे. ‘नाटक’ म्हणून झटकणे ही निव्वळ बेफिकिरी होय. आधी जखमेवर उपचार करावा. मग, न ओरडता, सरळ विचारावे : ‘जगू नये असे वाटते का?’ विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. शपथा मात्र घालू नयेत. शपथ मोडली की मूल लपवू लागते. घरातील औषधे कुलपात ठेवावीत आणि डॉक्टरांकडे जावे. ‘पोलीस केस होईल’ या धास्तीने रुग्णालय टाळणाऱ्यांनी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम 115 पाहावे : आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच कायदा गृहीत धरतो.

2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी 1,764 महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत समुपदेशक नेमण्यास सांगितले. गुणांवरून तुकड्या पाडणे, चारचौघांत पाणउतारा करणे टाळण्यासही बजावले. आपल्या मुलांच्या शाळेत, शिकवणीवर्गात यातले काय झाले, हे पालकसभेत उभे राहून विचारण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहायची? शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. तेथे अहोरात्र, मराठीतूनही बोलता येते.