खोल पाण्यातला गळ

गेल्या दिवाळी अंकात याच सदरात बर्फाला भोक पाडून मासे पकडण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर इथल्या मैत्रिणींनी विचारलं, "आणि उन्हाळ्यात काय करता गं?" भारतातल्या नातेवाइकांचा प्रश्न वेगळाच होता : "तुम्ही ॲन आर्बरला राहता ना? मग तिथे समुद्र कुठून आला?" दोघांनाही आज एकदमच उत्तर देते.

समुद्र नाही, पण सरोवरं आहेत, आणि तीही अशी की पलीकडचा किनारा दिसत नाही. गावातून हुरॉन नदी वाहते खरी. पण २०१८ साली पीफास नावाच्या रसायनांमुळे तिच्यातले मासे खाऊ नका, अशी सूचना राज्याने काढली. तेव्हापासून आमच्यासाठी नदी फक्त कयाक फिरवण्यापुरती. ईरी सरोवर पाऊण तासावर आहे, तिथे वॉलाय मासा उत्तम मिळतो. पण त्याचा पश्चिमेकडचा भाग उथळ, सरासरी जेमतेम २४ फूट. चिनूक सामन हवा असेल तर राज्य ओलांडून मिशिगन सरोवराच्या काठी, लडिंग्टनसारख्या बंदरावर जावं लागतं. गाडीने साडेतीन-चार तास. तिथे सरासरी खोली २७९ फूट आणि सर्वांत खोल जागी ९२३ फूट. एवढ्या पाण्यात मासा शोधायचा कुठे?

इथे थोडं विज्ञान. उन्हाळ्यात सरोवराचं वरचं पाणी कोमट होतं, तळाचं बर्फासारखं गार राहतं, आणि मध्ये एक पातळ थर असतो जिथे तापमान झपाट्याने उतरतं. सामनला साधारण ५० ते ५५ अंश फॅरनहाइटचं पाणी आवडतं, म्हणून तो ऑगस्टमध्ये याच थराच्या आसपास फिरतो. हा थर आज ६० फुटांवर, तर उद्या ९० फुटांवर. पूर्वेचा वारा दोन दिवस वाहिला, की वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि खालचं गार पाणी काठाशी वर येतं. म्हणजे मासाही जवळ येतो.

होडी सावकाश चालवत मागून आमिष ओढत न्यायचं, याला ट्रोलिंग म्हणतात. नुसती दोरी मागे सोडली तर आमिष वरच्या वरच तरंगत येतं. दोरीला जड शिसं बांधलं तर ते खाली जातं, पण मग मासा लागल्यावर माशाबरोबर ते शिसंही ओढत बसावं लागतं. यावरची तोड म्हणजे डाऊनरिगर. होडीच्या मागच्या बाजूला एक मोठं रीळ, त्यावर पोलादी तार, आणि तारेच्या टोकाला आठ ते बारा पौंडांचा गोळा. गोळ्याजवळ एक चिमटा असतो. आमिष होडीमागे वीस-तीस फूट सोडायचं, गळाची दोरी त्या चिमट्यात अडकवायची आणि गोळा हळूहळू खाली सोडायचा. किती फूट तार गेली ते रिळावरचा आकडा सांगतो. मग काठी खोबणीत ठेवून दोरी इतकी ताणायची, की काठी धनुष्यासारखी वाकली पाहिजे. माशाने आमिष ओढलं की चिमटा सुटतो, काठी टुणकन सरळ होते आणि लगेच पुन्हा वाकते. आता दोरीवर फक्त तुम्ही आणि मासा. गोळा आपल्या तारेवर वेगळा.

दोन बारकावे. ताशी दोन-अडीच मैलांनी होडी चालली की पाण्याच्या रेट्याने गोळा मागे ढकलला जातो. त्यामुळे रीळ ८० फूट दाखवत असलं तरी आमिष त्याहून वर असतं. आणि लहान मासा लागला तर चिमटा सुटतच नाही, फक्त काठीचं टोक थरथरतं. ते ओळखायचं काम आमच्याकडे लेकीचं. तिची नजर आमच्या दोघांपेक्षा तीक्ष्ण आहे.

गंमत म्हणजे हा मासा मूळचा इथला नाहीच. समुद्रातून आलेल्या लॅम्प्रेने इथले मोठे लेक ट्राउट संपवत आणले. शिकारीच उरले नाहीत, तेव्हा एलवाइफ नावाचा दुसरा एक पाहुणा मासा बेसुमार वाढला. तेव्हा राज्याच्या मत्स्यविभागातल्या हॉवर्ड टॅनर आणि वेन टोडी यांनी ऑरेगनहून कोहो सामनची अंडी आणवली आणि १९६६च्या वसंतात पिल्लं प्लॅट नदीत आणि बेअर क्रीकमध्ये सोडली. पुढच्या वर्षी चिनूक आला. आपल्यासारखाच बाहेरून आलेला आणि इथे रुजलेला! पण हे रुजणंही अन्नावर अवलंबून. हुरॉन सरोवरात २००३-०४च्या सुमारास एलवाइफ संपला आणि पाठोपाठ चिनूकही ओसरला.

त्याच कोहोची एक दुःखद आठवण आहे. १९६७च्या शरद ऋतूत मोठे झालेले मासे नद्यांकडे परतू लागले आणि साऱ्या राज्याला त्यांचं वेड लागलं. जे मिळेल ते घेऊन लोक सरोवरात उतरले, अगदी छोट्या तळ्यातल्या होड्यासुद्धा. २३ सप्टेंबरला लहान होड्यांसाठी वादळाचा इशारा लागलेला होता. मासे दिसत होते, म्हणून अनेकजण थांबले. त्या दिवशी सात जण बुडाले.

आमची होडी सतरा फुटी, ॲल्युमिनियमची, जुनी घेतलेली. अशा होडीत डाऊनरिगर लावताना ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. कारण हे यंत्र तुमची होडी चक्क तळाशी बांधून ठेवू शकतं. गोळा एखाद्या खडकात किंवा बुडालेल्या ओंडक्यात अडकला, की पोलादी तार सुटत नाही, होडीचा मागचा भाग खाली ओढला जातो आणि मागून आलेली लाट आत येते. उपाय साधा आहे. इंजिन ताबडतोब न्यूट्रलला, रिळाचा ब्रेक सैल, आणि तरीही सुटत नसेल तर तार कापून टाकायची. आमच्याकडे तार कापायची पक्कड रिळाशेजारीच दोरीने बांधलेली असते. गोळा पुन्हा विकत मिळतो.

गेल्या ऑगस्टमध्ये माझे बाबा देवगडहून आले होते. सत्तरी ओलांडलेले, पण पाणी बघितलं की लहान होतात. पहाटे निघालो. ८० फुटांवर थर सापडला, पडद्यावर माशांच्या कमानी दिसायला लागल्या, दोन्ही गोळे खाली गेले. बाबा सगळं बारकाईने बघत होते. मग म्हणाले, "मासो खंय आसा ता ह्या यंत्र सांगता. पण घराक कधी फिरूचा, ता कोण सांगतलो?" आणि पश्चिमेकडे बोट दाखवलं. तिथे पाण्याचा रंग बदलला होता. लेक म्हणाली, "आजोबा, फक्त दहा मिनिटं!" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी गोळे वर घ्यायला लागले. पडद्यावर मासे तसेच होते. बंदरात शिरेपर्यंत लाटा कमरेएवढ्या झाल्या होत्या. लेक गाडीत तासभर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि तिनेच चौदा पौंडांचा चिनूक ओढला. बाबांनी आधी त्याला रावसाचा भाऊ ठरवलं. बाजारात रावसाला इंडियन सामन म्हणतात खरं, पण दोघांचं काही नातं नाही. चिनूक तेलकट, त्यामुळे नारळाच्या दाट कालवणापेक्षा कोकम घालून केलेलं पातळ सार त्याला जास्त मानवतं. कातडी आणि चरबी काढून टाका. पीसीबी हे घातक रसायन चरबीतच साठतं. किती वेळा खावा, याची माहिती राज्याच्या 'ईट सेफ फिश' पुस्तिकेत सरोवरवार दिलेली असते.

पुढच्या उन्हाळ्यात कुणाला यायचं असेल तर जरूर सांगा. सतरा वर्षांपुढच्या प्रत्येकाने मासेमारीचा परवाना काढायचा, लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच घालायचं, थेपले-चहा आमच्याकडून. आणि एक अट : परत फिरायचं म्हटलं की फिरायचं, "दहा मिनिटं" मागायची नाहीत. लेकीने ही अट आता स्वतः लिहून होडीत चिकटवली आहे.

तुम्हा सर्वांना, आणि हा अंक वाचणाऱ्या तिकडच्या आजी-आजोबांना, दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!