मोजे घालता येतात का?

गुडघेदुखी म्हटली की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात: 'वय झालं, सहन करा' नाहीतर 'गुडघे बदलून टाका'. मधलं काही नाहीच का? आहे की! २०१५ साली डेन्मार्कमधल्या १०० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ऑपरेशनवाल्यांना आराम जास्त पडला, हे खरंच. पण नुसता व्यायाम, आहार आणि औषधं यांवर ठेवलेल्यांपैकी वर्षभरात फक्त २६ टक्क्यांनी ऑपरेशन करून घेतलं.

आता माझा मुद्दा. गुडघ्याच्या चाचण्यांत सर्रास वापरली जाणारी 'वोमॅक' प्रश्नावली विचारते: मोजे घालता येतात का? गाडीत चढता-उतरता येतं का? मंडळी, तिकडे वाशिम जिल्ह्यात बाया दिवसभर वाकून सोयाबीन सोंगतात. त्यांना मोज्यांचं विचारून काय डोंबल कळणार? आमच्या धंद्यात याला चुकीचा टेस्ट डेटा म्हणतात.

पुण्यात डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमने हीच प्रश्नावली भारतीय सवयींप्रमाणे बदलून घेतली. २०१३ मध्ये ४४० रुग्णांवरची आयुर्वेदिक औषधांची चाचणीही प्रसिद्ध केली. म्हणजे ठरवलं तर जमतं!

ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. तिथून नुसते डॉक्टर बाहेर पडून भागणार नाही. सोंगणी करणाऱ्या बाईला कोणता व्यायाम, किती आणि कधी झेपतो, याची चाचणी तिथेच व्हायला हवी. दिवसभर राबलेल्या बाईला 'रोज अर्धा तास चाला' सांगणं ही निव्वळ थट्टा आहे.

आणि पहिला प्रश्न असावा: "मावशी, उकिडवं बसता येते काय?"