शेजारातून घडणारा अर्थ

सकाळी बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस बसतो. ही चौथी जागा रेल्वेच्या हिशेबात नाही. तरीही बसलेले तिघे किंचित सरकतात, चौथा अर्ध्या अंगाने टेकतो आणि कोणी कोणाचे आभारही मानत नाही. बसायला मिळावे म्हणून अंबरनाथचा प्रवासी आधी उलट दिशेने बदलापूरला येतो. त्यावरून रोज खडाजंगी होते. पण भांडणारे तेच दोघे दसऱ्याला डब्याला झेंडूचे तोरण बांधताना एकमेकांचा हात धरून बाकावर चढतात. हा व्यवहार कोणी शिकवला? त्याची बैठक कोठे झाली? वर्षानुवर्षांच्या सहप्रवासातून तो आपोआप घडला आणि आज नवखा प्रवासी आठवडाभरात तो आत्मसात करतो.

समाजाची एकात्मता हा आपल्या व्याख्यानमालांचा आवडता विषय आहे. ती प्रत्यक्षात कशी घडते, हे पाहायचे तर उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या परिसरातील या तीन नगरांकडे पाहावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमध्ये सर्वस्व सोडून आलेल्या हिंदू कुटुंबांना तिच्या बराकींत आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. परंतु आजही रिक्षावाल्याला ‘कॅम्प चार’ असेच सांगावे लागते. लष्कराने दिलेला एक रुक्ष क्रमांक! त्या क्रमांकात आता माहेर आहे, दुकानाची पहिली पाटी आहे, झूलेलालाचे मंदिर आहे. शासनाने नाव दिले. अर्थ मात्र बराकीच्या दारात बाज टाकून बसणाऱ्या, दिवसा फेरी करून संध्याकाळी हिशेब जुळवणाऱ्या माणसांनी भरला.

दैनंदिन संभाषणातून केवळ आपुलकीच जन्मते असे मात्र नाही. पूर्वग्रहही तेथेच पोसले जातात. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद मराठी मध्यमवर्गाने कित्येक वर्षे चवीने सांगितला. तो सांगणारी कुटुंबे लग्नाच्या खरेदीसाठी गजानन मार्केटमध्ये आणि फर्निचरसाठी त्याच उल्हासनगरात जात होती, हा भाग वेगळा. स्वधर्म सोडावा लागू नये म्हणून ज्यांनी घरदार सोडले, त्यांच्याविषयी आपल्या दिवाणखान्यात हा विनोद चालावा आणि त्याच घरातून हिंदू ऐक्यावर भाषणे व्हावीत, ही विसंगती आपण स्वतःशी तरी मान्य करायला हवी. सिंधी माणसाने तो विनोद हसत स्वतःकडे घेतला आणि पुढे अभिमानाने मिरवला. मोठेपणा त्याचा आहे, आपला नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके 982चा, म्हणजे इ. स. 1060चा शिलालेख आहे. तेथे गर्भगृहात पायऱ्या उतरून जावे लागते. महाशिवरात्रीच्या रांगेत आयुधनिर्माणीतला कामगार, कॅम्पातला व्यापारी आणि गावातला आगरी शेतकरी एकापाठोपाठ एक त्या पायऱ्या उतरतात. रांगेत कोण कोणाच्या पुढे, एवढाच तेथला वाद! मात्र याच मंदिराला लागून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरात शिरली की लोकांच्या तोंडी ‘नाला’ होते. एका पिढीने नदीला नाला म्हटले, दुसऱ्या पिढीने त्यात कचरा लोटला, कारखान्यांनी रसायने सोडली. आणि नाल्यात घाण टाकल्याबद्दल कोणाला लाज वाटत नाही. 26 जुलै 2005च्या महापुरात तिने आपण नदी असल्याची आठवण काठच्या वस्त्यांना करून दिली. पाणी ओसरले आणि शब्द पुन्हा तोच झाला. प्रदूषण मंडळाने आपले काम करावेच, पण तिला नदी म्हणण्यासाठी कोणत्याही मंडळाची परवानगी लागत नाही.

बदलापुरापुढचा प्रश्न निराळा आहे. 2001च्या जनगणनेत सुमारे 98 हजार असलेली नगराची लोकसंख्या 2011मध्ये 1 लाख 74 हजारांवर गेली आणि त्यानंतरही संकुले उभी राहतच आहेत. मुंबईच्या चाळीतून आलेले कुटुंब येथे स्वतःच्या मालकीच्या दोन खोल्यांत येते, ही आनंदाचीच गोष्ट. पण चाळीची गॅलरी बरोबर येत नाही. पहाटे घर सोडणारा आणि रात्री परतणारा गृहस्थ शेजाऱ्याला दारावरच्या पाटीवरूनच ओळखतो. लोकलमध्ये चौथ्यासाठी सरकणारा हाच माणूस संकुलाच्या आवारात वाहनाच्या जागेवरून वकिलाची नोटीस पाठवतो. डब्यात त्याला रोज समोरासमोर बसावे लागते. येथे ती निकड उरलेली नाही.

सिंधी घरांतही वेगळ्या प्रकारे हेच घडते आहे. 1967मध्ये सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. तो सिंधी समाजाच्या मोठ्या प्रयत्नांचा विजय होता. मात्र आजी सिंधीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो, अशी घरे कॅम्पात शोधावी लागत नाहीत. आजीच्या शेजारणीला ती भाषा कधी ऐकू आली नाही, तिने त्यातला एकही शब्द उचलला नाही, हेही त्यामागचे एक कारण आहे.

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचा आरंभ 1999 साली डोंबिवलीत झाला आणि ती प्रथा आसपासच्या नगरांत पसरली. त्याच्याच आगेमागे चेटीचंड येतो. आपल्या यात्रेत सिंधी बांधवांचे पथक असते, मंचावर सत्कार होतो, छायाचित्र निघते. मंच उतरल्यावर मात्र दोघे आपापल्या कॅम्पात परततात. सिंधी घरात आलेल्या पाहुण्यापुढे पाण्याबरोबर पापड ठेवण्याची रीत आहे. वार्षिक वृत्तात शाखांची संख्या विचारली जाते, सेवाकार्यांची विचारली जाते. गेल्या वर्षी किती घरी आपण तो पापड खाल्ला, यासाठी त्यात रकाना नाही.