टाकीच्या जागी कॅन, जबाबदार कोण?

टेम्पोची टाकी गंजून गळू लागली. नव्या टाकीचे पैसे वाचवायचे म्हणून मालक सांगतो, "सीटमागे पाच लिटरचा कॅन बांध, नळी सोड आणि चालव." ड्रायव्हर बांधतो. नाही म्हटले तर उद्या गाडी दुसऱ्याच्या हाती जाते. असेच एक प्रकरण माझ्याकडे आले तेव्हा ड्रायव्हर भाजून रुग्णालयात होता आणि मालक म्हणत होता, "मी असे सांगितलेच नव्हते!"

कंपनीची टाकी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा नव्हे. ती पक्की बसवलेली असते, तिला हवा आत घेण्याची वाट ठेवलेली असते. कॅनचे झाकण घट्ट लावले तर पेट्रोल उतरत नाही, गाडी बंद पडते. मग झाकणाला भोक पाडतात आणि त्यातून वाफ बाहेर येते. पेट्रोल उणे ४० अंशाच्या थंडीतही पेटण्याइतकी वाफ सोडते, मग विदर्भातल्या मे महिन्याचे काय सांगावे! ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, पायाशी साचते. वायरची एक ठिणगी पुरते. उंच बांधलेल्या कॅनची नळी निसटली तर सारे पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर!

जुनी टाकी वेल्डिंगने सांधणे त्याहून भयंकर. "रिकामी आहे, काही होत नाही," असे गॅरेजमध्ये सर्रास म्हणतात. पण रिकाम्या टाकीतच वाफ आणि हवा एकत्र असतात. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ मिसळली की स्फोट होऊ शकतो. आणि वेल्डिंगला बसतो कोण? शाळा सुटलेला आपल्याच वस्तीतला पोऱ्या.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली सुधारलेल्या कलम १८२-अ नुसार गाडीत नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण कलम १९० ड्रायव्हर बांधवांनी नीट समजून घ्यावे. धोकादायक दोष माहीत असून गाडी रस्त्यावर चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघेही त्यात येतात. "मालकाने सांगितले" एवढ्याने सुटका नाही. म्हणून मालकाचा निरोप मोबाइलवर लेखी घ्या, गळक्या टाकीचा फोटो काढून ठेवा. काम करताना इजा झालेल्या मजुराला मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व १९२३ पासून आपल्या कायद्यात आहे. पण तोंडी हुकूम कोर्टात सिद्ध करताना वकिलाचाही घाम निघतो.

आमच्या प्रकरणात नळी आणि क्लिपची दुकानदाराची पावती मालकाच्याच नावावर निघाली. ती आम्ही दाखल केली आहे.