चुलीवरची भाकरी गोड कुणाला लागते?

हायवेला लागले की दर दोन-चार किलोमीटरवर एक पाटी भेटते. 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची मिसळ', 'चुलीवरची भाकरी'. पाटीवर नऊवारीतली बाई रंगवलेली असते, हसत हसत भाकरी थापणारी. तिच्या डोळ्यांतून पाणी येत नाही, तिने नाकाला पदर लावलेला नसतो, तिच्या छातीतली घरघर पाटीवर दिसत नाही. शहरातून आलेली गाडी तिथे थांबते. माणसे धुराच्या वासाचे जादा पैसे मोजतात, 'गावाकडची चव' म्हणून फोटो टाकतात आणि घरी परतून गॅसवर चहा ठेवतात.

या चवीची किंमत आमच्या माय-बहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या फुप्फुसांनी मोजली आहे. म्हणून आज चुलीवर बोलायचे आहे. चळवळीतल्या काही मित्रांना हा विषय किरकोळ वाटेल. उपवर्गीकरणाचा निकाल आला, शिष्यवृत्त्या रखडल्या, आणि हे चुलीचे काय काढले? वाटू द्या. वाचा तर खरे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मराठवाड्यातल्या एका बौद्ध वस्तीत आठ-दहा दिवस मुक्कामाला होतो. पहाटे साडेचारला तिथे पहिली चूल पेटते. ती स्वयंपाकाची नसते, अंघोळीच्या पाण्याची असते. सातच्या आत मजुरीला निघायचे असते आणि घर पत्र्याचे. रात्रभर पत्रा गार पडतो, आत लेकरे गुडघे पोटाशी घेऊन निजलेली. म्हणून थंडीत ही चूल अंगणातून उचलून उंबऱ्याच्या आत येते. पाणीही तापते, खोलीही ऊब धरते. धूरही आतच राहतो. त्याच खोलीत तान्हे लेकरू असते आणि दम्याची म्हातारीही.

कोपऱ्यात सिलिंडर होता. वर टॉवेल टाकलेला. आम्ही विचारले, "मावशी, गॅस पेटवत नाही का?"

"हाय की गॅस. पावनं आलं की पेटविते. पानी तापवाया गॅस जाळला तर म्हैना कसा निघंल रं बाबा?"

या एका वाक्यात उज्ज्वला योजनेचा सगळा हिशेब आला. १ मे २०१६ ला बलियात योजना सुरू झाली. आठ कोटींवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ ला आमच्याच औरंगाबादेत समारंभ करून दिली गेली. जोडण्या खोट्या नाहीत, बायकांच्या नावावर झाल्या हेही चांगलेच झाले. पण शेगडी आणि पहिला सिलिंडर अनेकींना कर्जाऊ मिळाला आणि ते कर्ज पुढच्या सबसिडीतून कापले गेले. २०२० च्या मध्यापासून सबसिडीच जवळजवळ थांबली. २०२२ मध्ये सिलिंडर हजाराच्या वर गेला, तेव्हा दोनशे रुपये परत सुरू झाले, पुढे तीनशे झाले. परिणाम काय? २०१९-२० मध्ये लाभार्थी कुटुंबाने वर्षाकाठी सरासरी तीन सिलिंडर भरले, २०२३-२४ मध्येही चारच्या आतच. तीन-चार सिलिंडरवर कुणाचे वर्षभराचे घर चालते? बाकीचे महिने चूलच. राज्य सरकारने २०२४ ची निवडणूक तोंडावर असताना तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. म्हणजे सिलिंडर रोजंदारीच्या घराला भरवत नाही, हे सरकारलाही ठाऊक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसे मेली. त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त लेकरे होती. आपल्याकडे या मृत्यूंचा पंचनामा होत नाही. 'म्हातारी खोकून खोकून गेली' एवढीच नोंद होते, तीही लोकांच्या बोलण्यात.

आता थोडे स्वतःकडे वळू. रमाईच्या गोवऱ्यांची गोष्ट आपल्यातल्या प्रत्येकाने ऐकली आहे. बाबासाहेब विलायतेत शिकत होते आणि रमाई शेण गोळा करून गोवऱ्या थापत होती. आपण जयंतीला त्यावर गाणी गातो, डोळे पुसतो. पण ज्या घरात बसून गाणे ऐकतो त्याच घरात आई ओल्या लाकडावर फुंकणी मारते आहे, तिच्याकडे आपली नजर जात नाही. रमाईचा त्याग वंदनीय आहेच. पण तो वारसा म्हणून आपल्या आयांच्या माथी मारायचा परवाना आपल्याला कुणी दिला? हा प्रश्न आम्ही सर्वात आधी आमच्या पुरुष कार्यकर्त्यांना विचारतो. एरवी आपल्याला सरपणाची पारख नाही असेही नाही. जयंतीच्या भोजनदानाला चुलवण पेटते तेव्हा आचारी खणखणीत वाळलेले लाकूड मागतो, ओले दिले तर कढई उतरवून ठेवतो. आपण धावत जाऊन वाळलेले आणतो. घरातल्या बाईसाठी कधी धावलो?

आणि सरपण हा आपल्यासाठी कधीच नुसता जळणाचा प्रश्न नव्हता. पाटलाच्या घरची लाकडे फोडणे, चावडीला जळण पुरवणे, दौऱ्यावर आलेल्या साहेबाच्या मुक्कामी सरपण नेऊन टाकणे ही महारकीची कामे होती. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबईच्या कायदे मंडळात वतनाचे बिल आणले ते या वेठीच्या विरोधात. लाकूड आम्ही फोडायचे, ऊब वाड्याला. वेठ कायद्याने गेली, पण बांध अजून त्यांचाच आहे. तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या शेतवाल्याच्या मालकीच्या. दिवसभर पऱ्हाट्या उपटल्या तर मोबदल्यात भारा मिळतो, पैसे मिळतीलच असे नाही. भूमिहीन बाईला उरते गायरान आणि रस्त्याकडेची वेडी बाभूळ. तिथेही 'कुंपणाला हात का लावला' म्हणून शिवी खावी लागते.

ते गायरानही आता चालले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ज्या जमिनींसाठी आपली माणसे तुरुंगात गेली, त्याच जातीच्या जमिनी आज सौर कृषिवाहिनीसाठी दिल्या जात आहेत. सौर ऊर्जेला आमचा विरोध नाही, उलट ती हवीच आहे. पण गायरानावर तयार झालेली वीज जाते शेतीपंपाला, आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला तिचे बिलही नाही. ज्या बाईचे सरपण त्या पॅनेलखाली गेले तिच्याकडे पंप नाही, शेत नाही. तिला एक युनिटही फुकट नाही. हा कुठला समतोल?

इथे काही शहाणे सांगतात की खेड्याचे इंधन खेड्यातच असावे, चूल सुधारली की झाले. ही जुनी गांधीवादी वाट आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगवाल्यांनी धुराडे असलेली 'मगन चूल' काढली होती. चूल वाईट नव्हती, प्रश्न तिच्यामागच्या विचाराचा आहे. बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात यंत्राच्या विरोधाची पार चिरफाड केली आहे. माणसाला जनावरासारख्या राबण्यातून सोडवायचे आणि त्याला फुरसत द्यायची तर यंत्र लागते, असे त्यांचे म्हणणे. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना, ऑक्टोबर १९४३ मध्ये, वीजविषयक समितीपुढेही त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. त्यामुळे आमच्या मागणीत गोंधळ नको. वस्तीतल्या घरात गॅस आणि वीज परवडेल अशा दराने आलीच पाहिजे. सुधारलेली चूल ही गरिबांची कायमची सोय म्हणून कुणी पुढे करत असेल तर ती आम्ही नाकारतो.

पण. इथे आम्हाला आमच्याच मित्रांशी भांडायचे आहे. 'गॅसचा लढा लढू, तोवर चुलीत वेळ घालवू नका' असे म्हणणारा कार्यकर्ता स्वतः धुरात बसत नाही. लढा पाच वर्षे चालेल, मावशीची छाती पाच वर्षे थांबणार नाही. धूर कमी करण्याचे ज्ञान हे विज्ञान आहे. ते संस्थावाल्यांच्या आणि सरकारी कंत्राटांच्या हवाली करून आपण काय मिळवले?

काय मिळवले ते पाहा. १९८३ ला केंद्राने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २००२ मध्ये तो गुंडाळेपर्यंत देशात साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटल्या गेल्या. कागदावर केवढा पराक्रम! आमच्याच एका कार्यकर्त्याच्या घरी अशी एक निर्धूर चूल होती. बांधणारा माणूस आला, दुपारभरात बांधून, सही घेऊन गेला. दोन भोकांची चूल, मागचे भोक कधी तापलेच नाही. तोंड एवढे लहान की लाकूड फोडूनच घालावे लागे, आणि फोडायला वेळ कुणाला? पहिल्या पावसात धुराड्याचा पाइप फुटला. कार्यालयात विचारले तर 'वाटप झाले आहे' हे उत्तर. आईने ती फोडली आणि जुनी चूल पुन्हा घातली. शेरा मात्र असा पडला की या बायका अडाणी, यांना सुधारणा नको. जिला रोज त्या चुलीपुढे बसायचे होते तिला चूल बांधताना एक शब्द विचारला नव्हता.

तेव्हा आपणच समजून घेऊ. धूर म्हणजे न जळलेले सरपण. चुलीतून काळा लोट उठतो तेव्हा तुमचे लाकूडच हवेत चाललेले असते. साध्या चुलीत शंभरातली दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला लागते, बाकी भांड्याच्या कडेने निघून जाते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते, आधी ते पाणी उकळते आणि मग लाकूड पेटते. म्हणून सगळ्यात स्वस्त सुधारणा कोरड्या लाकडाची. पावसाळ्याआधी तोडलेले, मनगटापेक्षा बारीक फोडलेले, जमिनीपासून वर उचलून पत्र्याखाली रचलेले लाकूड. दुसरी गोष्ट हवा. फुंकणी कशासाठी लागते? चुलीला खालून हवा मिळत नाही म्हणून. लाकडाखाली लोखंडी जाळी बसवली, राख रोज काढली, तर बरीचशी फुंकणी सुटते. तिसरी गोष्ट भांडे आणि चूल यांतली फट. ती बोटभर ठेवली तर जाळ भांड्याला घासून जातो. आपल्या आज्यांनी चुलीला वैल काढला तो हेच ओळखून, वाया जाणाऱ्या आचेवर दुसरे भांडे. जुन्या वाड्यांतला पाण्याचा बंबही हेच करतो. जाळाची नळी पाण्याच्या मधून वर जाते, म्हणून मूठभर ढलप्यांत बादल्या तापतात. तांब्याचा बंब आपल्याकडे नव्हता, पण त्यातली युक्ती काही वाड्याच्या मालकीची नाही. पत्र्याच्या डब्यातही ती जमते.

धुराड्याबद्दल मात्र सावध राहा. ते धूर घराबाहेर काढते, संपवत नाही. खेटून घरे असलेल्या वस्तीत माझे धुराडे शेजारणीच्या खिडकीत तोंड काढते. आधी जाळ स्वच्छ हवा, मग धुराडे, तेही छपराच्या वर गेलेले आणि आतली काजळी महिन्याला काढलेली. भारतीय मानक ब्यूरोने २०१३ मध्ये चुलींचे निकष सुधारले, त्यात साध्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के कार्यक्षमता लागते. योजनेतली चूल घेताना हे आकडे आणि धुराची चाचणी मागून घ्या. आणि एक गोष्ट विसरू नका. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असे नसते. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही, आणि तो झोपेतच मारतो.

रमाई आवास योजनेत २६९ चौरस फुटांचे घरकुल मिळते. ज्या माउलीचे नाव त्या घराला दिले तिच्या लेकींना त्यात धूर बाहेर जाण्याची वाट, पत्र्याऐवजी पक्के छत आणि पाणी तापवायची बिनधुराची सोय नको का? ही मागणी आम्ही पंचायत समितीपुढे ठेवणार आहोत. सोबत उज्ज्वलाचा भरणा रोजंदारीच्या हिशेबात बसेल असा दर आणि गायरानावरच्या सौर प्रकल्पातून भूमिहीन घरांना मोफत वीज याही मागण्या आहेत. आपापल्या तालुक्यात ठेवा. प्रत्येक वस्तीत किती घरांत सिलिंडर आहे आणि वर्षात कितीदा भरला, एवढे दोनच प्रश्न घरोघर विचारा. उत्तर बाईकडून घ्या, घरधन्याकडून नको.

मावशींच्या चुलीला आम्ही जाळी बसवून दिली आणि लाकडे फोडून रचून ठेवली. महिन्याने गेलो तेव्हा धूर कमी होता हे त्यांनीच सांगितले. चूल मात्र अजून उंबऱ्याच्या आतच होती. आम्ही काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "पत्रा गार पडतोय की रं. लेकरं कुटं निजवू?"

जय भीम.