घासतंय कुठे, ते आधी बघा
गाडी खाली बसवली की वळणावर टायर खरखरतो, आणि हमखास सल्ला मिळतो: स्पेसर टाका. ॲल्युमिनियमची ही चकती हब आणि चाक यांच्यामध्ये बसते आणि आपल्या जाडीइतकं, म्हणजे १० मिलिमीटरची असेल तर १० मिलिमीटर, चाक बाहेर ढकलते. टायर आतल्या बाजूला शॉक ॲब्सॉर्बरला घासत असेल, तर इलाज अचूक. पण फेंडरच्या काठाला घासत असेल, तर हे आगीत तेल. रबरावरची चकचकीत रेघ आतल्या अंगाला आहे की बाहेरच्या, एवढं वाकून पाहायला पाच मिनिटं पुरतात. ‘दिसायला भारी’ म्हणाल, तर मान्य, दिसतंच. पण चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो, खड्ड्यागणिक स्टिअरिंग हिसके देतं, आणि बोल्ट जुनेच ठेवले तर पुरेसे आटे धरत नाहीत. पोर्शे स्वतः स्पेसर देते, हा आक्षेपही खरा. पण ते त्या गाडीच्या हबच्या मापाचे आणि लांब बोल्टांसकट. फेंडरला घासणाऱ्या गाडीला चकती नको, उंच स्प्रिंग हवी किंवा अरुंद टायर. आणि स्प्रिंग कापलेली असेल, तर आधी ती बदला.