बदनापूरचे वाफे आणि संगणकातील चाचणी

चल-निवडीच्या पद्धतींची तुलना करणाऱ्या प्रोग्राममध्ये पाचवी पद्धत जोडताच आधीच्या चार पद्धतींचे आकडे बदलत असतील, तर त्या तुलनेतील एकाही आकड्यावर विसंबता येत नाही. या आठवड्यात वाचनात आलेल्या एका निबंधाच्या बाबतीत नेमके हेच घडल्याने, या स्तंभात पूर्वी आलेला विषय पुन्हा उघडणे भाग आहे.

चल-निवड म्हणजे उत्पादनाशी संबंध असू शकणाऱ्या अनेक घटकांतून, उदाहरणार्थ झाडाची उंची, फांद्या, शेंगांची संख्या, 100 दाण्यांचे वजन यांतून, खरोखर परिणाम करणारे मोजके घटक वेगळे काढणे. हे काम कोणती पद्धत चोख करते ते पाहण्यासाठी 50 चलांपैकी 5 चलांचाच परिणाम आहे असे आधी ठरवून कृत्रिम आकडे तयार केले जातात, ते प्रत्येक पद्धतीला दिले जातात, आणि खरे चल किती सापडले व निरर्थक किती शिरले हे शेकडो फेऱ्यांत मोजले जाते. यालाच सिम्युलेशन म्हणतात.

हा प्रयोग कसा रचावा याचा धडा जालना जिल्ह्यातच आहे. बीडीएन-711सारखे तुरीचे वाण देणाऱ्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी वाणांची चाचणी घेताना शेताचे गट पाडले जातात, प्रत्येक गटात प्रत्येक वाण एकदा येतो आणि वाफ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा ठरतो, म्हणजे जमिनीचा कस कमीजास्त असला तरी एका गटातील सर्व वाणांना तो जवळपास सारखाच लाभतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे घडवलेली ही शिस्त वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या 1954च्या ग्रंथाने भारतातील कृषी पदवीधरांच्या हाती दिली. सिम्युलेशनमधील एक फेरी म्हणजे असा एक गट होय: त्या फेरीत तयार झालेली माहिती ही जमीन, आणि तिच्यावर प्रत्येक पद्धत उभी राहिली पाहिजे.

उपरोक्त निबंधाच्या प्रोग्राममध्ये माहिती तयार करणे, पद्धत चालवणे आणि गुण देणे ही तिन्ही कामे एकाच लांबलचक फाइलमध्ये गुंतलेली होती. रॉबर्ट टिबशिरानी यांनी 1996मध्ये मांडलेली लॅसो ही पद्धत कमकुवत चलांचे गुणांक थेट शून्यावर आणते. मात्र किती कडक व्हायचे हे ठरवण्यासाठी ती बहुधा माहितीचे यादृच्छिक तुकडे पाडून पडताळणी करते, आणि अशा गुंतलेल्या प्रोग्राममध्ये त्यासाठी, माहिती ज्या यादृच्छिक अंकमालेतून तयार होते, तिच्यातीलच अंक वापरते. परिणामी लॅसो चालवली की पुढच्या फेरीची माहिती वेगळी, वगळली की आणखी वेगळी. उपाय सोपा आहे: माहिती तयार करणारा भाग स्वतंत्र फाइलमध्ये ठेवावा, प्रत्येक फेरीला तिचा स्वतःचा आरंभांक, म्हणजे अंकमाला जिथून सुरू होते तो आकडा, द्यावा, पद्धतींसाठी निराळी अंकमाला राखावी, आणि गुणांकनाच्या भागाने जतन केलेले निकाल केवळ वाचावेत.

आरंभांक नोंदवला म्हणजे झाले, हा समज मात्र घातक आहे. आर या संगणकभाषेच्या 2019मधील 3.6.0 आवृत्तीत यादृच्छिक नमुना काढण्याची रीत बदलली, त्यामुळे तोच आरंभांक देऊनही जुन्या आणि नव्या आवृत्तीत वेगळे नमुने निघू शकतात. चाचणीच्या नोंदवहीत हंगाम, पाऊस आणि जमिनीचा प्रकार लिहिला जातो, तशी भाषेची आणि वापरलेल्या प्रत्येक पॅकेजची आवृत्ती निकालाशेजारीच असली पाहिजे. रानडुकरांनी उद्ध्वस्त केलेला वाफाही त्या वहीत कोरा सोडत नाहीत, कारणासह नोंदवतात. एखादी पद्धत एखाद्या फेरीत उत्तरापर्यंत पोहोचली नाही, तर ती फेरी गुपचूप गाळणे म्हणजे त्या पद्धतीला फुकटचे गुण देणे आहे.

अखेरीस स्टेपवाइज पद्धत, म्हणजे एकेक चल आत घेत किंवा बाहेर काढत जाणारी निवड, जिच्याविरुद्ध या स्तंभाने वारंवार लिहिले आणि जी कृषी प्रबंधांतून अजून हटत नाही. ती वापरणाऱ्या प्रत्येक प्रबंधकाराने आपल्या सिम्युलेशनमध्ये 50 चलांपैकी एकाचाही परिणाम नसलेला एक प्रसंग अवश्य ठेवावा. चल आत घेण्याची सार्थकता-पातळी 5 टक्के असली, तर ही पद्धत तिथेही सरासरी दोन-तीन चल निवडते आणि त्यांच्यापुढे सार्थकतेचे तारे लावून मोकळी होते.